सिगारच्या बाबतीत 'कडक' म्हणजे नेमकं काय?

नौपाडा, ठाणे: मोजक्याच पेट्या निघालेल्या एका निकाराग्वाच्या सिगारवर मराठीत टिपण लिहितोय. इंग्रजीत 'स्ट्रेंग्थ' आणि 'बॉडी' हे वेगळे गुण धरतात. पहिला निकोटिनचा जोर, दुसरा धूर तोंडात किती भरल्यासारखा वाटतो तो. मला दोन्हींसाठी 'कडक'च सुचतं. ही तिथल्याच एस्तेली या तंबाखूच्या भागातल्या पानाची. आधी मिरीचा ठसका, मग कोको, शेवटी ओल्या मातीचा वास. धूर भरपूर, पण डोकं जराही गरगरलं नाही. हिला कडक म्हणावं का?

वाशी: नका म्हणू. आमच्या बाजारसमितीतले माथाडी तंबाखू मळताना 'ही लागते हं' असं बजावतात. लागणं म्हणजे घाम फुटणं, मळमळणं, गरगरणं. हे सगळं निकोटिनचंच काम, म्हणजे तुमचा पहिला गुण. तुमची सिगार 'लागत नाही, पण धूर तोंडभर होतो'. दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या. 'कडक' मात्र चहापासून इस्त्रीपर्यंत सगळीकडे राबतो, त्याच्याकडून इथे नेमकेपणा मिळणार नाही.

आणि 'ठसका' बदला. ठसका लागला की माणूस खोकतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात, थोडा नाकावाटे. मिरी कळते ती तिथेच, तेव्हा 'नाकाला झोंबते' म्हणा. 'झुरका' चालेल. 'दम मारणे' नको, तो चिलमीचा.

ऐरोली: सरळ 'चिरूट' का नाही? शब्द तमिळमधला, गुंडाळणे या अर्थाचा, आणि आपल्याकडे रुळलेला.

वाशी: चिरूट दोन्ही टोकांना कापलेला असतो. सिगारचं तोंड पानाने बंद असतं, ओढण्याआधी ते कापावं लागतं. टिपणात ते कापणं येणारच, म्हणून सिगारच ठेवावं.

नौपाडा, ठाणे: पटलं. 'लिहेरो'चं भाषांतर करू का? स्पॅनिशमध्ये अर्थ 'हलका'.

ऐरोली: अजिबात करू नका, वाचक फसेल. लिहेरो रोपाच्या शेंड्याकडचं पान. ऊन सर्वात जास्त खाल्लेलं, जाड, तेलकट आणि जोरात सगळ्यांच्या वर. सावकाश जळतं म्हणून ते मधोमध घालतात. 'शेंड्याचं पान' लिहा, बाकीची नावंही तशीच पाडा: वरचं पान, बांधणीचं पान, पोटातली पानं.

नौपाडा, ठाणे: आणि 'मर्यादित आवृत्ती'?

वाशी: आवृत्ती पुस्तकाची, ती पुन्हा छापता येते. एका हंगामाचं राखून मुरवलेलं पान संपलं की तोच माल परत होत नाही. तुम्ही प्रश्नात 'मोजक्याच पेट्या निघालेल्या' लिहिलंत, तेच उत्तम आहे.

खारघर: शब्दांबद्दल तक्रार नाही, पण एक भर घाला. 'छातीत ओढत नाहीत' एवढंच वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ. धूर तोंडातच ठेवला तरी तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो. आमच्याकडे टाटा स्मारकाचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, तंबाखूने काय होतं ते इथे रोज दिसतं. घोळवण्याचं वर्णन जिथे येईल, तिथेच हे वाक्य हवं.

नौपाडा, ठाणे: त्याच परिच्छेदात घालतो. एकच राहिलं: धूर सोडल्यावर उरते त्या चवीला 'शेवट' म्हणू का?

ऐरोली: शेवट म्हटलं की थोटूक आठवतं. 'मागे राहणारी चव' लिहा. तुमच्या सिगारमध्ये मागे कोको राहतो की माती, तेही सांगा.