लीगचा सर्वोत्तम खेळाडू: कोचांची मतं की पॉइंटांचा तक्ता?

निळी_रेघ
काल एकाने इथे लिहिलं, "अमेरिकेच्या कॉलेज आइस हॉकीत कोचांची मतं घेणं बंद करा. तक्त्यात जो पहिला, त्याला ट्रॉफी द्या, विषय संपला." पुरावा नेहमीचाच, बिग टेन लीग, २०२३. मिशिगनच्या ॲडम फँटिलीची लीगने सर्वोत्तम फ्रेशमनवर (पहिल्या वर्षाचा खेळाडू) बोळवण केली, सर्वोत्तम खेळाडू ठरला मिनेसोटाचा मॅथ्यू नाइज, आणि एप्रिलमध्ये होबी बेकर, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मात्र फँटिलीला. म्हणे लीगचं हसं झालं.

कसलं हसं? फँटिलीचे ६५ विरुद्ध नाइजचे ४२ पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला केलेली मदत) हे आकडे अख्ख्या मोसमाचे. त्यात लीगबाहेरचे सामने आले, लीगची बाद फेरी आली, एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धाही आली. लीगचा पुरस्कार नियमित मोसमाचा, बिग टेनमध्ये म्हणजे २४ सामन्यांचा. शिवाय एका गोलला दोन असिस्टपर्यंत मिळतात. आपल्या हद्दीतून पक (खेळायची चकती) नुसता पुढे ढकलला आणि बाकीचं पुढच्या दोघांनी केलं, तरी तुमच्या खात्यात एक पॉइंट. रिकाम्या जाळीतला गोल एक, ओव्हरटाइममधलाही एकच. असल्या तक्त्यावरून ट्रॉफी वाटायची?

आकडेमोड
मग प्रति सामना काढा ना. फँटिली ३६ सामन्यांत ६५, म्हणजे १.८१. नाइज ४० सामन्यांत ४२, म्हणजे १.०५. एवढी दरी बाद फेरीतल्या चार-दोन गोलांनी पडत नाही. मिनेसोटा लीगमध्ये पहिला आला म्हणून ट्रॉफी तिकडे गेली, एवढंच. तसा नियमच करून टाका, निदान मतपत्रिकांचा कागद तरी वाचेल.

मॅरियुची_कट्टा
हॉकी ईस्ट ही दुसरी लीग, २०२४ साल, सोयीस्कर विसरलात वाटतं. बॉस्टन कॉलेज पहिलं. विल स्मिथचे ४१ सामन्यांत ७१ पॉइंट, कटर गोतिएचे ३८ गोल. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या सेलेब्रिनीला, ३८ सामन्यांत ६४. तुमच्या प्रति सामना हिशेबातही स्मिथच पुढे, १.७३ विरुद्ध १.६८. म्हणजे कोचांनी ना पहिला संघ बघितला ना तुमचा लाडका तक्ता. त्याच सेलेब्रिनीला पुढे होबी बेकर मिळालं, तेव्हा कोच कसे शहाणे ठरले?

निळी_रेघ
यात मतदानाच्या पद्धतीचाही भाग असतो. कोचला सहसा स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नाही. एकाच संघात दोन तगडे दावेदार असले की इतरांची मतं त्या दोघांत फुटू शकतात, आणि त्यांचा स्वतःचा कोच झक मारत प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहितो. पत्रिकेवर एकच नाव असेल तर हा धोका कायमचा. तीन नावं क्रमाने, ५-३-१ असे गुण, एवढं केलं तरी फुटलेल्या मतांची बरीच भरपाई होते.

डावा_पॉइंट
तुम्ही फॉरवर्डांवरून भांडा. खरा अन्याय २०२३ मध्ये बिग टेनच्या बचावाच्या पुरस्कारात झाला. मिशिगनचा डिफेन्समन ल्यूक ह्यूज ३९ सामन्यांत ४८ पॉइंट, मिनेसोटाचा ब्रॉक फेबर ३८ सामन्यांत २७. पुरस्कार फेबरला, तोही सलग दुसऱ्यांदा! इथे कुणाच्या पोटात दुखलं नाही.

मॅरियुची_कट्टा
कारण तो पुरस्कार बचावाचा आहे हो. ह्यूज पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेवर बाहेर असताना, ब्लू लाइनवरून पक फिरवायचा, पॉइंट पडणारच. फेबरचं काम समोरची पहिली लाइन (सर्वात तगडे तीन फॉरवर्ड) थोपवणं आणि पेनल्टी किल, म्हणजे आपला एक जण शिक्षेवर असताना गोल अडवणं. पाहुण्या रिंकवर बघा म्हणजे कळेल. खेळ थांबल्यावर खेळाडूंचा शेवटचा बदल यजमान कोचच्या हातात असतो, तो आपली पहिली लाइन फेबर बाकावर बसल्यावरच उतरवायला बघतो. कोच ते व्हिडिओवर तासन् तास बघतात. तुम्ही बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचे छापील आकडे, बघता.

आकडेमोड
बचावच मोजायचा तर प्लस-मायनस आहे की, खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेला गोल अधिक, खाल्लेला वजा.

निळी_रेघ
प्लस-मायनस! पॉवर प्लेवर गोल केला तर प्लस नाही, त्याच पॉवर प्लेवर गोल खाल्ला तर मायनस. पेनल्टी किलमध्ये खाल्लेल्या गोलचा मायनस नाही, म्हणजे किल करणारा उत्तम की टुकार, हे त्यात दिसतच नाही. वर शेवटच्या दोन मिनिटांत गोली काढून सहावा खेळाडू उतरवला आणि रिकाम्या जाळीत गोल बसला, की बर्फावरच्या सहाही जणांना मायनस. त्या वेळी बर्फावर असतात कोण? संघातले सगळ्यात भरवशाचे. गोलीच्या सरासरीत तो गोल धरतही नाहीत.

डावा_पॉइंट
व्वा! पॉइंट नकोत, प्लस-मायनस नको, फक्त सात कोचांचे डोळे. मग सरळ म्हणा ना, कोचांना मिनेसोटावाला आवडला म्हणून दिला. १८ मार्चला मिनेसोटाला त्यांच्याच मॅरियुची रिंकवर मिशिगनने ४-३ ने हरवलं, ते पण त्या व्हिडिओवर बघा.

मॅरियुची_कट्टा
बाद फेरीचा अंतिम सामना. मोसमाच्या पुरस्कारात तो धरत नाहीत, हे वर लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

डावा_पॉइंट
वाचलं. फेबर पेनल्टी किलचा बादशहा, घ्या, दिला किताब. पण हॉकी ईस्ट बचावातल्या कामासाठी डिफेन्समन आणि फॉरवर्ड यांना वेगवेगळे पुरस्कार देते. बिग टेननेही पुरस्कार असे वेगळे करून पॉइंट काढणाऱ्या डिफेन्समनसाठी एक ठेवला असता, तर ह्यूजलाही काही मिळालं असतं.

आकडेमोड
हे पटतं, नाइलाजाने. आणि पत्रिकेसोबत कोचांना फक्त लीग सामन्यांचा तक्ता द्या, त्यात समसमान खेळाडू असतानाचे पॉइंट एका रकान्यात, पॉवर प्लेचे दुसऱ्यात, रिकाम्या जाळीतले तिसऱ्यात. फँटिलीबद्दल मात्र मी इंचभर हललेलो नाही.