गुडमनच्या मागे उभा हेंडरसन

अमेरिकन जॅझ बँडप्रमुख बेनी गुडमनचा बँड गाजला तो केवळ त्याच्या क्लॅरिनेटमुळे, असं लोक म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. जुलै १९३५ मधलं त्याचं 'किंग पोर्टर स्टॉम्प' ऐका. मूळ रचना जेली रोल मॉर्टनची, पण बँडसाठी केलेली बांधणी, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं ती अरेंजमेंट, फ्लेचर हेंडरसनची. ब्रासवाले (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) एक ओळ टाकतात, सॅक्सोफोनवाले लगेच उत्तर देतात. शेवटाकडे तर हा सवाल-जवाब नुसता पेटतो. ही रीत विसाच्या दशकात हेंडरसनच्याच बँडमध्ये त्याचा अरेंजर डॉन रेडमनने घडवली. (त्याचं नाव लोक हमखास गाळतात, याचा राग येतो.) ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात बनी बेरिगनच्या ट्रम्पेटला मोकळं रान कुठे द्यायचं आणि बाकीच्यांनी कुठे तुटून पडायचं, हा हिशेब अरेंजरचा.

पैशांची चणचण होती म्हणून हेंडरसनने आपल्या अरेंजमेंट्स गुडमनला विकल्या. नाव झालं गुडमनचं. दुसरा अरेंजर साय ऑलिव्हर, त्याचं नशीब त्या मानाने बरं. १९३९ मध्ये बँडप्रमुख टॉमी डॉर्सीने त्याला घसघशीत जादा पैसे देऊन जिमी लन्सफर्डच्या बँडमधून चक्क पळवलं!