थाई झणझणीत कोळंबी नूडल सूप घरी करायचंय, सामान बेळगावात मिळंल काय?

शहापूरचे_काका: नमस्कार मंडळी. पोरगी रविवारी बेंगळूरहून येतीया. तिकडं टॉम यम नूडल सूप खाल्लीया, आता घरात तसंच पाहिजे म्हणती. चौघांपुरतं, मासळी धरून ७०० रुपयांत बसवायचंय. गवती चहा परसात हाय. गलांगल, फिश सॉस आणि त्या लिंबाच्या पानांचं काय करू?

टिळकवाडीचा_राजा: काका, ७०० त काय होतंय? मी बँकॉकहून येताना सगळं सामान आणलो. २०२४ ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेलं सूप हाय ते, काटकसर नको. चोर्ला घाटानं गाडी काढा, पणजीतनं मोठी कोळंबी, माणक्या, तिसऱ्या घेऊन या.

खानापूरची_अक्का: जुलैत पणजीला? ३१ तारखेपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी आहे, तिथं पण बर्फातलीच मिळणार. काका, कॅम्पात तळ्यातली कोळंबी बघा. डोकी टाकू नका. डोकी-सालं तेलात लाल होईतो परता, पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळा. अर्धी चव तिथंच. गवती चहाची पानं नको, बुडखा घ्या, बत्त्यानं ठेचा.

चिकोडी_एक्सप्रेस: चोर्ल्याचा रस्ता पावसात बघितलासा काय राजे? माझा टायर फुटलाय तिथं.

टिळकवाडीचा_राजा: माझी गाडी जाते.

निपाणीकर: फिश सॉस घेऊ नका काका. माझ्या बाटलीचं बूच सैल होतं, डिकीत सांडली. दोन महिने जो गाडीत बसंल तो विचारायचा, सुकट कुठनं आणलासा?

हुक्केरीचा_ठसका: मिरची संकेश्वरीच घाला.

चिकोडी_एक्सप्रेस: रंग ब्याडगीला येतोय.

हुक्केरीचा_ठसका: रंग खायचाय काय मर्दा?

वडगावची_वैनी: गलांगल म्हणजे आपलं कुलिंजन. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं मिळतं, गरम पाण्यात भिजवून घाला. ओल्याचा वास येत नाही, पण आल्यानं वेगळीच चव होते. पानं नसली तर लिंबाची साल किसा, पांढरा भाग नको. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. मी उकळीत पिळलं होतं, काढा झाला. तांदळाच्या नूडल्स वेगळ्या भिजवून वाडग्यात ठेवा आणि वरनं सूप ओता, पातेल्यात राहिल्या की लापशी.

सात्त्विक_आहार: चातुर्मासात कोळंबी?

हुक्केरीचा_ठसका: धागा मासळीचा हाय साहेब.

चिकोडी_एक्सप्रेस: डोकी टाकू नका, तेच सांगायला आलो होतो. आणि तयार पेस्ट नको, नुसतं तेल आणि साखर असतीया.

निपाणीकर: पेस्टला +१. म्हणजे नको.

शहापूरचे_काका: झालं एकदाचं. सगळ्यांचं वाचलो आणि पेस्टची बरणीच आणलो. कोळंबी कॅम्पातनं अर्धा किलो. तुम्ही दोघं डोकी डोकी म्हणत होता, पण मी दुकानातनं येईपर्यंत बायको ती डोकी मांजराला घातली होती. लिंबू गॅस बंद करून पिळलो, तेवढं वैनींचं ऐकलो. कोळंबी पण जास्त शिजली, रबर झाली. पोरगी एक वाडगं खाल्ली, "टॉम यमसारखं हाय पप्पा" म्हणाली आणि आईला भात मागितली. बरणी अर्धी उरलीया. तिचं काय करू?

टिळकवाडीचा_राजा: तरी म्हटलं होतं, चोर्ल्यानं जावा.