सहा फुटी कमानीला दार करू की जाड पडदा लावू? होम थिएटरची खोली, इंदूर

मालवी_श्रोता

नमस्कार मंडळी. सुदामा नगरमधे आमचं जुनं घर आहे, बाबांनी बांधलेलं, त्यातली पुढची खोली यंदा मी सिनेमासाठी घेतली. १५ फूट लांब, ११ फूट रुंद, छत १० फुटांवर. भिंती नऊ इंची विटांच्या, वर पुट्टी, खाली कोटा स्टोन. म्हणजे मऊ असं खोलीत एक सोफा सोडला तर काहीच नाही. ५.१ सेट आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब (फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर), स्क्रीन ११ फुटी भिंतीवर, सब पुढच्या उजव्या कोपऱ्यात, सोफा मागच्या भिंतीला चिकटून.

आता मूळ अडचण. डाव्या भिंतीत, अगदी पुढच्या कोपऱ्यालगत, ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच कमान आहे, तिला दार नाही कधीच नव्हतं, पलीकडे डायनिंग आणि देवघर, आणि त्याला लागून आईबाबांची खोली. बाबा साडेनऊला झोपतात. सिनेमात जरा काही कोसळलं की डायनिंगच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे खणखणतात, आणि आई काही बोलत नाही पण सकाळी कळतं की झोप झालेली नाही. वरून संवाद धड समजत नाहीत म्हणून मी आवाज वाढवतो, म्हणजे त्रास दुप्पट.

पडदेवाल्याने 'साउंडप्रूफ पडदा' म्हणून एक रबरासारखं अस्तर लावलेलं कापड दाखवलं, म्हणाला हे लावा, इकडचा आवाज तिकडे जाणार नाही. सुतार म्हणतो सरकतं दार करून देतो, जागा वाचेल. एक मित्र म्हणतो कमान उघडीच ठेव, बेस (खालचे जाड सूर) मोकळा राहतो. तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून मी थांबलोय. आईबाबांची झोप आधी, सिनेमा नंतर, हे धरून सांगा.

ठेका_धा

दादा, आधी एक गोष्ट पक्की करा, पडद्याने आवाज अडत नाही. मी तबला वाजवतो, रामबागेत आमच्या रियाजाच्या खोलीला तीन वर्षं जाड मखमलीचा पडदा होता. खोलीतला घणघणाट कमी झाला, चाटीचा बोल स्वच्छ ऐकू यायला लागला, पण शेजारच्या काकूंना डग्गा जसाच्या तसा ऐकू जायचा. पडदा आवाज शोषतो तो खोलीच्या आत, आणि तोही वरचा. खालचा घुमारा त्यातून असा निघून जातो जसा पडदा तिथे नाहीच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते, दोन्ही एकदम. तुमचे डबे वाजतात ते सबमुळे, त्यांच्यासाठी पडद्यावर एक रुपया घालू नका.

आरसा_आणि_टेप

वरच्यांशी शंभर टक्के सहमत, पण दार लावल्यावर काय होईल तेही आधी समजून घ्या नाहीतर दार बसवल्यावर म्हणाल की खोली आणखी बिघडली.

उघडी कमान ही तुमच्या खोलीतली सगळ्यात मोठी शोषक वस्तू आहे. हे मी उगाच म्हणत नाही, आवाज शोषण्याचं माप मुळात उघड्या खिडकीवरूनच ठरलंय. वॉलेस सबीन म्हणून हार्वर्डचे प्राध्यापक होते, १८९५ मधे त्यांना फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहाचं काम मिळालं, तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. ते रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, एकेक वाढवत ऑर्गनची नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. फुटात धरलं तर खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण, की आला आवाज घुमण्याचा वेळ सेकंदात. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक.

तुमच्या खोलीला लावून बघू. घनफळ १६५० घनफूट, गुणाकार येतो ८१ च्या जवळपास. पुट्टीच्या भिंती, छत, कोटा स्टोन सगळं मिळून ८५० चौरस फूट, पण शोषतात जेमतेम २५ एकक. सोफा आणि माणसं धरून अजून २०. झाले ४५. कमान ४२ चौरस फुटांची, म्हणजे ती एकटी जवळपास बाकीच्या सगळ्या खोलीइतकी! उघडी असताना ८७ एकक, घुमण्याचा वेळ सुमारे ०.९ सेकंद. तिथे लाकडी दार लावलं की परत ४५ आणि वेळ १.८ सेकंद. लहान खोलीत हे सूत्र काटेकोर चालत नाही, आणि तुमचं डायनिंगही कडकच आहे तेव्हा तिकडून थोडा आवाज परत येतोच, पण दिशा हीच. घरच्या थिएटरला अर्ध्या सेकंदाच्या खाली असलेलं बरं.

संवाद न कळण्याचं कारण पण हेच आहे. स्वर लांब आणि दणकट असतात, व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. आधीच्या 'आ'ची शेपटी हवेत असतानाच पुढचा 'ट' किंवा 'स' येतो आणि त्याखाली दबून जातो. आवाज वाढवला की शेपटी पण तेवढीच वाढते, म्हणून वाढवून फायदा होत नाही.

तेव्हा माझं मत, दार आणि पडदा दोन्ही. दार घरच्यांसाठी, पडदा तुमच्यासाठी. दाराच्या आतल्या बाजूला जाड पडदा, आणि तेवढाच किंवा मोठा पडदा समोरच्या उजव्या भिंतीवर, कारण आत्ता तुमच्या डाव्या स्पीकरशेजारी भोक आहे आणि उजव्याशेजारी भिंत, दोघांचा आवाज सारखा येणं शक्यच नाही. उजव्या भिंतीवर नेमकं कुठे ते शोधायला सोप्पं आहे, तुम्ही सोफ्यावर बसा, घरातलं कुणी भिंतीवरून आरसा सरकवत नेईल, ज्या जागी आरशात उजवा स्पीकर दिसला ती जागा झाकायची. दाराचा पडदा ३० एकक, उजव्या भिंतीवर ८ बाय ९ फुटाचा धरला तर ५०, सोफ्यापुढे ८ बाय १० चा गालिचा २५-३०. आधीचे ४५ मिळवा, दीडशेच्या वर गेलात, वेळ साधारण अर्ध्या सेकंदावर.

पडद्याचं कापड नीट बघा. वेलवेट ६०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं, आणि ६ फूट जागेला १२ फूट कापड, म्हणजे चुण्या भरपूर पडल्या पाहिजेत. पातळ कापड ताणून लावलं तर ५०० हर्ट्झला (हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका सूर खालचा) शंभरातले ११ भाग शोषेल, जाड चुण्यांचं ५५. पण तेच जाड कापड १२५ हर्ट्झला १४ वर येतं आणि त्याखाली सोडूनच द्या. ते रबरी अस्तराचं अजिबात घेऊ नका, तोंडाला लावून फुंकून बघा, हवा थोडा जोर लावून पलीकडे गेली तर कापड कामाचं, गेलीच नाही तर ते उजेड अडवेल, आवाज शोषणार नाही. आणि भिंतीला चिकटवून टांगू नका, ट्रॅक पाच-सहा इंच पुढे घ्या, मागे हवा राहिली की जरा खालच्या सुरांपर्यंत पकड मिळते.

बडोदेकर_सुतारकाम

मी बडोद्याला फर्निचरचं काम करतो म्हणून फक्त दाराबद्दल बोलतो. सरकतं दार या कामाला नको. ते चौकटीत दाबून बसतच नाही, चारही बाजूंनी फट राहते आणि आवाज पाण्यासारखा फटीतूनच जातो. हिशोब सांगतो, ६ बाय ७ फुटाचं दार म्हणजे ६००० चौरस इंच. खाली फक्त अर्धा इंच फट राहिली तर ती ३६ चौरस इंच झाली, शंभरातला पाऊण भाग पण नाही, तरी मग दार लोखंडाचं केलं तरी २२ डेसिबलच्या वर अडवणार नाही. लोक लाकडावर पैसे घालतात आणि फट सोडतात, हे मी रोज बघतो.

दोन पल्ल्यांचं बिजागरीचं दार करा. फ्लश डोअर भरीव घ्या, ३५ मिमी किंवा जास्त, आत जाळीचं भरण असलेलं हलकं दार नको, दुकानात बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ वाजलं की सोडा. चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी, दोन पल्ल्यांमधे एकावर एक चढणारी पट्टी, आणि खाली उंबरठा. उंबरठा नको असेल, म्हाताऱ्या माणसांच्या पायात येतो, तर दाराच्या खालच्या कडेत बसणारं ड्रॉप सील मिळतं, दार बंद केलं की रबर आपोआप खाली टेकतं. तुमच्याकडे वर कमान आहे तर गोलाईत दार बसवायच्या भानगडीत पडू नका, चौकोनी चौकट करून वरचा भाग वीट-प्लास्टरने बंद करा. आणि चौकट आणि भिंत यांच्यामधली सांध सिलिकॉनने भरून घ्या, मिस्त्री तिथे फक्त पट्टी ठोकून मोकळे होतात.

एक अजून. दार सैल राहिलं तर बेसने तेच खडखडेल. कडी अशी लावा की दार रबरावर दाबलं जाईल.

राजवाड्याची_सून

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही पण आमच्याकडे हे सगळं झालंय म्हणून दोन शब्द. दादा, पैसे घालायच्या आधी घरातल्या रजया काढा. थंडीच्या कापसाच्या रजया सगळ्यांकडे असतात, दोरी बांधून कमानीवर दोन रजया टाका, दोन उजव्या भिंतीवर, खाली सतरंजी, आणि तुम्हाला पाठ असलेला एखादा संवादाचा प्रसंग लावा. फरक पाच मिनिटांत कळतो आणि फुकट कळतो. मगच एमटी क्लॉथ मार्केटला जा, आणि तिथे कापड मीटरवर घ्या, तयार पडदे नको, तयार पडद्यात चुण्यांना कापड सोडलेलं नसतं.

आणि देवघर डायनिंगमधे आहे म्हणालात ना, तर पडदा कृपा करून थिएटरच्या बाजूलाच लावा. संध्याकाळी समई लागते, वाऱ्याने पडदा उडतो, वेलवेट बरंचसं पॉलिस्टरचं असतं. आईंना विचारून करा सगळं, त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे तो.

मालवी_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं ऐकून शनिवारी रजया टांगल्या, आई आधी हसली मग स्वतःच माळ्यावरून अजून दोन काढून दिल्या. टाळी वाजवून बघितली, आधी टाळीमागे जी झणझण यायची पत्र्यावर खडे पडल्यासारखी, ती जवळजवळ गेली. संवाद इतके स्पष्ट झाले की आवाज मी नेहमीपेक्षा चार-पाच घर खाली ठेवला. पण बेसचा प्रसंग लावला आणि डायनिंगमधे जाऊन उभा राहिलो तर डबे तसेच वाजत होते, मधल्या डब्याचं झाकण तर हाताला थरथरताना लागलं. म्हणजे ठेका_धा यांनी सांगितलं ते अगदी तसंच.

सुतार बदलला. दोन पल्ल्यांचं भरीव दार, चारही बाजूंनी रबर, खाली ड्रॉप सील, काल बसलं. रात्री दहाला आई मुद्दाम डायनिंगमधे खुर्ची टाकून बसली आणि मी तोच प्रसंग लावला. म्हणाली लांब कुठेतरी ट्रक गेल्यासारखं येतंय, डबे गप्प आहेत. बाबा उठले नाहीत. मला हेच पाहिजे होतं.

आता नवीन गोष्ट. दार बंद केल्यापासून सोफ्यावर एक जाड घूं बसतो, काही ठराविक सुरांवरच, बाकीच्यांवर नाही. पडदे अजून शिवायला दिलेले आहेत. पडदे आल्यावर जाईल का हा?

आरसा_आणि_टेप

नाही जाणार, पडद्याच्या आवाक्याबाहेरचा आहे तो. खोली ज्या सुरांवर स्वतःच घुमते ते असे काढतात, ५६५ ला (आवाजाच्या फुटातल्या वेगाचं निम्मं) खोलीच्या फुटांनी भागा, लांबीचा सूर ३७-३८ हर्ट्झ, रुंदीचा ५१, उंचीचा ५६. शेवटचे दोन एकमेकांच्या शेजारी आलेत, म्हणून तिथे ढीग होतो. आधी कमानीतून हे निसटून डायनिंगमधे जात होतं, तेच तुमच्या डब्यांना लागत होतं, आता नऊ इंची भिंतींत कोंडलंय.

पहिला उपाय फुकटचा, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवा, भिंतीला टेकलेल्या डोक्याला बेस सगळ्यात जास्त लागतो. तीन फूट पुढे घेऊन बघा, पण अगदी खोलीच्या मधोमध, साडेसात फुटांवर आणू नका, तिथे ३७ चा सूर गायबच होईल. मग सबची जागा. सब उचलून सोफ्यावर ठेवा, तुमच्या बसायच्या जागी, बेसचं एक गाणं सतत चालू ठेवा आणि तुम्ही भिंतींच्या कडेकडेने गुडघ्यावर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे लागतील तिथे सब ठेवायचा. तरी उरलं तर मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूल (दगडी धाग्यांची दाट गादी), घनमीटरला ४८ किलो घनतेचं, निदान चार इंच जाड, वर कापड ताणून.

आणि खोली आता बंद झाली आहे तर ॲम्पला मागे-वर हवा राहील असं बघा, एसी नसेल तर मधे दार उघडत जा.

मालवी_श्रोता

सोफा तीन फूट पुढे घेतला, घूं निम्म्याहून कमी झाला. सबचं रांगणं रविवारी करतो, बाबा म्हणाले मी पण येतो ऐकायला, दिवसा लाव.