मदत हवी आहे : नवी बॅटरी बसवूनही सकाळी गाडी सुरू होत नाही

खानापूरकर
नमस्कार. गेल्या महिन्यात नवी बॅटरी बसवली, तरीही आठवड्यातून दोनदा सकाळी सेल्फ फिरत नाही आणि धक्का मारण्यासाठी शेजाऱ्यांना उठवावे लागते. बॅटरी विकणारे म्हणतात बॅटरी उत्तम आहे, आणि गॅरेजवाले सगळे वायरिंग बदला म्हणतात. परवा पहाटे वडिलांना तपासणीसाठी चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचे आहे, त्यामुळे नेमके काय बदलायचे तेवढेच कृपया सांगावे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा कधीच लागत नाही, म्हणजे चार्जिंग ठीक असणार.

उद्यमबागचा फिटर
गाडी पेट्रोलवर चालते की डिझेलवर आणि ती किती जुनी आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. मल्टिमीटर मिळवून बॅटरीच्या टोकांवर तीन वेळा मोजा : रात्रभर उभ्या गाडीवर, इंजिन चालू असताना, आणि हेडलाइट व पंखा लावून. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ यायला हवे. आणखी एक : किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागतो का?

जांबोटी रोड
आमच्या भागातल्या पावसात अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणारे यंत्र) फिरवणारा पट्टा भिजून घसरतो, हा माझा दोन पावसाळ्यांचा अनुभव आहे. पट्टा सैल असला की अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. अंगठ्याने दाबून पाहा. साधारण १० मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर तोच दोष समजावा.

निपाणीवाला
मीटर शोधत बसण्याची गरज नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) गेला, चालू राहिली तर तो चांगला. माझ्या जीपवर मी वीस वर्षे असेच तपासत आलो आहे.

उद्यमबागचा फिटर
काका, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगतो, खानापूरकरांनी हे कृपया करू नये. अल्टरनेटर पूर्ण जोराने वीज देत असताना तिला सामावून घेणारी बॅटरी अचानक सुटली, तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर सावरेपर्यंत ते कित्येक पटींनी उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू) जळू शकतो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि टर्मिनल सुटताना ठिणगी नेमकी त्याच्याजवळ पडते.

निपाणीवाला
जीपमध्ये कंट्रोल युनिट नव्हता, हे मान्य. तरी त्या परीक्षेने मला कधी चुकीचे उत्तर दिले नाही.

उद्यमबागचा फिटर
जुने यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवर फारसे अवलंबून नसते, त्यामुळे ते चालू राहिले यावरून चार्जिंगबद्दल काहीच ठरत नाही.

टिळकवाडीकर
बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पाहावे, नळाचे पाणी कधीही घालू नये, आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी.

खानापूरकर
बॅटरी सीलबंद आहे, पाणी घालता येत नाही. गाडी डिझेल आहे, चौदा वर्षे जुनी. शेजाऱ्यांच्या मीटरवर आकडे घेतले : सकाळी १२.१, इंजिन चालू असताना १२.३, हेडलाइट लावल्यावर ११.८. पट्टा दिवाळीत बदलला आहे आणि घट्ट आहे. किल्ली फिरवल्यावरही दिवा लागत नाही. अलीकडे ब्रेकचे पॅडलही कडक लागते, पण ते वेगळे काम आहे.

संकेश्वरकर
रात्री गाडीतला एखादा दिवा किंवा टेप वीज खात असणार. माझ्या गाडीत हेच निघाले होते. उभ्या गाडीत ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जात असेल, तर एकेक फ्यूज काढून शोधा.

उद्यमबागचा फिटर
संकेश्वरकर, रात्रीची गळती असती तरी इंजिन चालू असताना आकडा १३.८ च्या पुढे गेला असता. १२.३ म्हणजे अल्टरनेटर जवळजवळ काहीच देत नाही.

खानापूरकर, दिवा न लागणे हे चांगले लक्षण नाही, कारण किल्ली फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून गेलेला थोडासा प्रवाह कार्बन ब्रशमार्गे (फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाच्या, वेटोळ्यात पोहोचतो. त्यातून चुंबकत्व येते, मग भोवतालच्या स्टेटरमध्ये (स्थिर वेटोळ्यांत) वीज तयार होते आणि डायोड तिची एकदिश वीज करतात. दिव्याचा बल्ब ठीक असूनही तो लागत नसेल, तर ही वाट कार्बनपाशी तुटली असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि ब्रेकचे काम वेगळे नाही. जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अनेकदा अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनातले तेल नळीने मिळते. त्याचे सील गेले की तेल आत झिरपते, कार्बनच्या भुकटीत मिसळून चिखल होतो आणि ब्रशचा संपर्क सुटतो. पंपाचीही ताकद गेली असेल, तर पॅडल कडक होणारच. या स्थितीत वडिलांना घेऊन चोर्ला घाट उतरू नका, ही कळकळीची विनंती.

अल्टरनेटर काढताना इंजिन थंड असू द्या, हातातले कडे व अंगठी काढा, आणि सर्वांत आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवा. अल्टरनेटरच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही बॅटरीची वीज असते; तिथे पाना बॉडीला टेकला तर तो लालबुंद होतो. जोडताना ऋण टर्मिनल सर्वांत शेवटी.

जांबोटी रोड
मग माझा पट्ट्याचा अंदाज मागे घेतो. गोव्याला जायला दुसरी गाडी हवी असेल तर माझी घेऊन जा, मी परवा घरीच आहे.

खानापूरकर
जांबोटीकरांच्या गाडीने वडिलांना नेऊन आणले, त्यांचे उपकार मोठे आहेत. काल बेळगावला अल्टरनेटर उघडला : आत काळे चिकट तेल होते, एक कार्बन झिजून स्प्रिंगपर्यंत आला होता. कार्बन आणि पंपाची सीले बदलली. आता किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. मीटरवर १४.२, हेडलाइट लावून १३.९. पॅडलही मऊ झाले आहे.

उद्यमबागचा फिटर
झिरपलेले तेल इंजिनातलेच होते. डिपस्टिक (इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहिलीत का?

खानापूरकर
खालच्या खुणेच्याही खाली होते. आत्ताच तेल घातले.