गाजलेल्या अल्बमच्या श्रेयात प्रोड्यूसरचा वाटा किती?

प्रश्न: बीटल्स या ब्रिटिश बँडची गाणी मुख्यत्वे लेनन आणि मॅकार्टनी यांनी रचली, वाजवली चौघांनी, तरीही ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळणारे त्यांचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांचे नाव इतक्या आदराने घेतले जाते. मार्टिन यांचे नेमके योगदान कोणते मानावे?

पहिले उत्तर: १९६६ चे ‘एलेनॉर रिग्बी’ हे गाणे ऐकावे. त्यात बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजवलेले नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढीच साथ आहे आणि ती मार्टिन यांनी लिहिली. त्याच वर्षी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याच्या एका टेकचा (एका वेळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा) आरंभ आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध लेनन यांना हवा होता, परंतु दोहोंची पट्टी आणि लय वेगवेगळी असल्याने मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून ते जुळवले. साधारण एका मिनिटानंतर कान देऊन ऐकल्यास तो सांधा सापडतो. या कामाला निव्वळ देखरेख म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे उत्तर: आपले म्हणणे पटते, मात्र एमरिक यांचा वाटा वेगळा सांगायला हवा. ‘एलेनॉर रिग्बी’तला तो धारदार नाद त्यांनी मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ नेऊन मिळवला. शिवाय चाल मुळातच सकस नसती, तर ही सारी कारागिरी वाया गेली असती.

तिसरे उत्तर: मोबदल्याचाही विचार व्हावा. १९६५ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची नोकरी सोडेपर्यंत मार्टिन पगारी होते आणि लाखोंनी खपलेल्या त्या रेकॉर्ड्सची रॉयल्टी त्यांना मिळत नव्हती.