वाडग्याच्या रफिंगला १६ मिमी की २० मिमी गाउज? माझं मत जाड दांडीच्या बाजूने

ओला आंबा (धागाकर्ता)
पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचे, रेनट्रीचे ओंडके आणून लेथवर वाडगे कातणारे आता बरेच झालेत. नवीन माणसाला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: १६ मिमी दांडीचा बाउल गाउज (वाडगा कोरायचं खोबणीचं टूल; दांडी म्हणजे त्याचा पोलादी गज, लाकडी मूठ नव्हे) घ्या, त्यात सगळं होतं. मला हे पटत नाही. १० इंचांपेक्षा मोठे वाडगे काढायचे असतील तर रफिंगसाठी, म्हणजे ओबडधोबड ओंडक्याला पहिला ढोबळ आकार द्यायला, २० मिमीचा वेगळा गाउज हवाच.

दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. खोबणीचा विचार बाजूला ठेवला तर १६ वरून २० वर गेल्यावर तो जवळजवळ अडीचपट होतो. चेनसॉने कापलेला अर्धा ओंडका लेथवर चढवला की सुरुवातीला टूलच्या पुढ्यात क्षणात लाकूड, क्षणात हवा. बारीक दांडी तिथे थरथरते, लाकडावर लाटा उमटतात आणि पुढच्या कातात बेव्हल (धारेमागचा घासलेला उतार, जो लाकडावर टेकवून कातायचं) त्या लाटांवरूनच उड्या मारत जातो. जाड दांडी हे धक्के पचवते. शिवाय तिची खोबण रुंद असते, त्यामुळे ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या तिच्यात चोंदत नाहीत.

रंधा
गणित बरोबर आहे, पण अर्धंच मांडलंत. टूल रेस्टच्या (टूल टेकवायच्या आधाराच्या) पुढे दांडी जितकी बाहेर, तिच्या तिसऱ्या घाताने वाकणं वाढतं. ४ इंच बाहेर असलेली दांडी ३ इंचांवर आणा. ६४ चे २७ झाले, म्हणजे वाकणं ४२ टक्क्यांवर आलं. १६ ऐवजी २० घेऊन तुम्ही ४१ टक्क्यांवर येता. लेथ बंद करायचा, रेस्ट एक इंच आत सरकवायचा. नव्या गाउजइतकाच फायदा, तोही फुकटात.

आता लेथच्या ताकदीचं बघू. घरच्या शेडमध्ये बहुतेकांकडे १ एचपीची मोटर असते. १२ इंची वाडगा मिनिटाला ६०० फेऱ्यांवर फिरतोय आणि सगळी ताकद लाकडापर्यंत पोचते असं धरलं, तरी कडेला जोर मिळतो ८ किलोच्या आसपास. वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी केला असेल तर त्याहूनही कमी. रुंद ढलपी घ्यायला गेलात की पट्टा घसरतो किंवा लाकूड जागीच थांबतं. म्हणजे जाड गाउज हातात घेऊनही कात पातळच घ्यायचा. मग त्यावर खर्च कशाला?

ओला आंबा
रेस्ट आत घ्यायला जागा असेल तर घेईनच की. सालीसकट वेडावाकडा तुकडा फिरत असताना रेस्ट सगळ्यात उंच कोपऱ्याला चुकवूनच लावावा लागतो आणि खोलगट बाजू तिथून दोन इंच लांब राहते. ताकदीचा मुद्दा मान्य. पण मला मोठी ढलपी नकोच आहे, थरथर घालवायची आहे. त्याच ८ किलोंत जाड दांडीचा कात शांत चालतो.

ढलपी
दादा, कोपरे लेथवर चढवायच्या आधीच उतरवा ना! बँडसॉ नसला तरी चेनसॉने तुकडा अष्टकोनी करता येतो. तुमची निम्मी थरथर तिथेच जाईल.

मी तर म्हणेन, २० मिमीचे पैसे दुसऱ्या १६ मिमी गाउजवर घाला. एकाला ४५ अंशांची धार, बाहेरच्या बाजूसाठी. दुसऱ्याला ६० अंशांची, आतल्या तळासाठी. खोल वाडग्यात काठावरून तळाकडे वळताना ४५ अंशांचा बेव्हल टेकतच नाही, कारण दांडी आधी काठाला अडते. बेव्हल सुटला की कॅच लागणारच, म्हणजे धार झटक्यात लाकडात रुतणारच, दांडी कितीही जाड असो. आणि २० मिमीची दांडी वजनाला दीडपट भरते. दिवसभर वाडगे रफ करायचे तर मनगटाचाही विचार हवा.

कातारी
तुमच्या वादात नवीन माणूस भलतंच टूल मागवायचा, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ब्रिटिश कारखाने माप खोबणीच्या रुंदीवरून देतात, अमेरिकन दांडीच्या व्यासावरून. शेफील्डचा अर्धा इंची आणि अमेरिकेतला पाच अष्टमांश इंची, दोन्हींची दांडी १६ मिमीच. मागवताना दांडीचा व्यास मिलिमीटरमध्ये विचारून घ्या.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. स्पिंडल रफिंग गाउज नावाचं रुंद टूल मिळतं. ते लाटणी, पाळण्याचे खांब अशा लांबट कामासाठी असतं, जिथे लाकडाच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर असतात. वाडग्यात त्या आडव्या असतात, प्रत्येक फेरीत दोनदा उभ्या टोकाचे तंतू धारेसमोर येतात. या टूलची मुठीत जाणारी शेपटी चपटी आणि पातळ असते. कॅच लागला की तिथेच तुटते आणि पातं उडतं. रफिंग असं नाव बघून ते वाडग्याला कधीही लावू नका. आणि गाउज कुठलाही असो, फेस शील्डशिवाय लेथ सुरू करू नका.

रंधा
कातारीकाकांशी शंभर टक्के सहमत. मूळ मुद्द्यावर माझं मत तेच: १ एचपीच्या लेथला १६ मिमी पुरे. उरलेले पैसे १४४० फेऱ्यांच्या ८ इंची ग्राइंडरवर आणि धार लावायच्या सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) चाकावर घाला. सालीत माती अडकलेली असते, रफिंगला धार लवकर जाते. बोथट गाउजला जोर द्यावा लागतो आणि तो जोर कमी पडला की माणूस म्हणतो, गाउज बारीक आहे.

ओला आंबा
ग्राइंडर आधी, हे मान्य. ढलपीताईंचं तळाबद्दलचंही मान्य, तिथे २० मिमी मी वापरतच नाही. पण लेथ दीड-दोन एचपीचा असेल आणि १२ इंचांचे वाडगे काढायचे असतील तर बाहेरच्या बाजूला आणि आतला गाभा काढायला मी २० वरच ठाम आहे. घेणाऱ्यांनी धारेचे पंख (खोबणीच्या दोन्ही बाजूंच्या कडा) फार मागे ओढून घासू नयेत. लांब पंख एकदम लाकडात बसला तर जाड दांडी वाकत नाही, सगळा झटका लेथला आणि हाताला बसतो.